संशय वैद्यकाचा, भुर्दंड पालकांचा

हाड मोडले तर कोठे जायचे, हे शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही ठाऊक असते. कावीळ झाली, डोळे आले, दाढ ठणकू लागली, तरी दार कोणाचे ठोठवायचे याविषयी घरात मतभेद होत नाहीत. परंतु सात वर्षांचे, कालपरवापर्यंत अंगणात बागडणारे मूल एका आठवड्यात ओळखू येऊ नये इतके बदलले, तर मात्र चांगल्या सुशिक्षित घरांतही गोंधळ उडतो. ते दिवसभर हात धूत राहते. ताटातल्या घासाकडे संशयाने पाहत जेवण टाळते. आई शेजारच्या खोलीत गेली तरी आकांत मांडते. मान झटकते, डोळे मिचकावते, मोडलेली सवय पुन्हा लागावी तसे रात्री अंथरूण ओले करते. आणि ज्या वहीत कालपर्यंत ठसठशीत अक्षर होते, तीत कुत्र्यामांजराचे पाय उमटू लागतात. हे वेड म्हणावे, हट्ट म्हणावा, शाळेची धास्ती म्हणावी की शरीराचा आजार? विचारायचे तरी कोणाला? बालरोगतज्ज्ञाला, मनोविकारतज्ज्ञाला की मेंदूच्या डॉक्टराला? आणि या तिघांची उत्तरे तीन निघाली, तर घरातली शिल्लक कोणाच्या उत्तरावर लावायची?

अमेरिकेतील मेरीलंड राज्यात बेथेस्डा येथे तेथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्था आहे. या संस्थेतील डॉ. सुझन स्वीडो आणि त्यांचे सहकारी यांनी १९९८ मध्ये अशा पन्नास मुलांची हकीकत एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. मंत्रचळ किंवा अंगाचे अनैच्छिक झटके, ज्यांना डॉक्टर ‘टिक्स’ म्हणतात, हे त्या सर्वांचे मुख्य लक्षण. आजार सुरू झाला तो वयाच्या तिसऱ्या वर्षानंतर आणि वयात येण्यापूर्वी. हळूहळू नव्हे तर एकाएकी. मध्येच तो ओसरे, पुन्हा उसळी घेई. हातापायांच्या हालचालींत बारीक दोष आढळत. आणि या सर्वांच्या आगेमागे घशात ‘अ’ गटातील स्ट्रेप्टोकॉकस या जंतूचा संसर्ग झाल्याचा पुरावा मिळे. या विकाराच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवली की ‘पांडास’ असा शब्द होतो. एका गोजिरवाण्या प्राण्याचे नाव इतक्या क्लेशदायक आजाराला चिकटावे, हा योगायोग विचित्रच. परंतु पालकांच्या तोंडी हेच नाव बसले.

ही कल्पना आकाशातून पडलेली नव्हती. लंडनचे वैद्य थॉमस सिडनहॅम यांनी १६८६ मध्ये मुलांच्या एका चमत्कारिक आजाराचे वर्णन केले होते. त्यात हातपाय आपोआप वेडेवाकडे नाचतात, जीभ स्थिर राहत नाही, हातातला पेला सांडतो. ‘कोरिया’ या नावाने तो ओळखला जातो. तो स्ट्रेप्टोकॉकसमुळे येणाऱ्या ऱ्हुमॅटिक तापाचाच एक आविष्कार आहे, हे पुढे सिद्ध झाले. घसा दुखून बरा झाल्यावर काही आठवड्यांनी, कधी कधी काही महिन्यांनी हा नाच सुरू होतो. जंतूंशी लढण्यासाठी रक्तात जी प्रतिपिंडे तयार होतात, ती जंतू आणि स्वतःच्या पेशी यांच्यातील साम्यामुळे चुकतात आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या, हालचाली व सवयी यांचे नियमन करणाऱ्या केंद्रांवर हल्ला चढवतात, अशी त्याची उपपत्ती दिली जाते. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचाच हा प्रकार. स्वीडो यांच्या संशोधकांना १९८९ मध्ये असे दिसले की, कोरिया झालेल्या मुलांमध्ये मंत्रचळाची लक्षणेही मोठ्या प्रमाणावर असतात. तेव्हा, नाच न दिसता नुसताच मंत्रचळ दिसावा असेही घडत असेल काय, हा पुढचा प्रश्न तर्काला धरूनच होता.

तर्काला धरून असणे आणि सिद्ध होणे यांत मात्र अंतर असते. पांडासविषयी गेली पंचवीसहून अधिक वर्षे वैद्यकात जो वाद चालू आहे, तो याच अंतराचा आहे. शंका घेणाऱ्या डॉक्टरांना निर्दय ठरवणे सोपे आहे, परंतु त्यांच्या शंका पोकळ नाहीत. शाळकरी वयात घसा दुखणे ही नित्याची गोष्ट आहे. इतकेच नव्हे, तर कोणतीही तक्रार नसलेल्या निरोगी मुलांच्या घशातही हा जंतू सापडतो. निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र करून २०१० मध्ये जो हिशेब मांडला गेला, त्यात असे प्रमाण शंभरांत बारा निघाले. डोळे मिचकावण्यासारख्या टिक्सही या वयात पुष्कळ मुलांना होतात आणि काही दिवसांनी आपोआप जातात. दोन गोष्टी इतक्या सर्रास आढळत असतील, तर त्या कधीमधी एकाच महिन्यात एकाच मुलाच्या वाट्याला येणारच. त्यावरून एकीमुळे दुसरी झाली असे म्हणणे म्हणजे कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी तसे होईल. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पांडासचे निदान झालेल्या चाळीस मुलांवर दीर्घकाळ लक्ष ठेवले गेले. आजाराने पुन्हा उचल खाल्ली त्या बहुसंख्य वेळी तिचा घशाच्या संसर्गाशी काळाच्या दृष्टीने मेळ बसला नाही.

उपचारांचीही हीच कथा आहे. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात तीस मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. रक्तद्रव बदलणे, किंवा दात्यांच्या रक्तातून काढलेले इम्युनोग्लोब्युलिन शिरेवाटे देणे, या दोन्ही उपायांनी मुलांमध्ये लक्षणीय सुधारणा दिसली आणि पालकांच्या आशा पल्लवित झाल्या. त्यानंतर २०१६ मध्ये पस्तीस मुलांवर इम्युनोग्लोब्युलिनचा अधिक काटेकोर प्रयोग झाला. खरे औषध कोणाला आणि नुसते पाणी कोणाला, हे डॉक्टरांपासून व पालकांपासून लपवून ठेवलेल्या टप्प्यात दोन्ही गटांत ठोस म्हणावा असा फरक आढळला नाही. मध्यंतरी, २०१२ मध्ये, खुद्द स्वीडो यांनीच संसर्गाची अट काढून टाकून ‘पॅन्स’ नावाची अधिक व्यापक व्याख्या सुचवली. त्याच वर्षी त्यांच्या टीकाकारांनी तिसरेच नाव पुढे केले. ज्या आजाराचे नाव दर काही वर्षांनी बदलते, त्याच्या रुग्णाने कोणत्या फलकाखाली रांग लावावी? अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय अकादमीने या विषयावरचे आपले पहिले निवेदन प्रसिद्ध केले ते २०२४ च्या डिसेंबरात, म्हणजे मूळ शोधनिबंधानंतर सव्वीस वर्षांनी. एवढ्या अवधीनंतरही निदान पक्के करणारी एखादी चाचणी हाती आलेली नाही. लक्षणे पाहून आणि इतर कारणे एकेक करून वगळूनच या निष्कर्षाला यावे लागते.

येथे अर्थशास्त्राचा संबंध येतो. केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये वैद्यकीय सेवेतील अनिश्चिततेवर जो निबंध लिहिला, त्यातून आरोग्याच्या अर्थशास्त्राचा पाया घातला गेला असे मानतात. साखर विकत घेणाऱ्याला साखरेचा उपयोग कळतो. उपचार विकत घेणाऱ्याला आपल्याला काय हवे आहे हेही कळत नसते, आणि ते सांगण्याचे काम विकणाऱ्यावरच सोपवावे लागते. शिवाय उपचार घेऊनही गुण न आला, तर त्या फसलेल्या खर्चाची भरपाई करणारा विमा बाजारात मिळत नाही, याकडे ॲरो यांनी लक्ष वेधले होते. त्याच सुमारास, १९६१ मध्ये, जॉर्ज स्टिग्लर यांनी माहिती मिळवण्यालाही किंमत पडते आणि शहाणा ग्राहक त्या किमतीचा हिशेब करूनच शोध थांबवतो, असे दाखवून दिले. आणखी दहा दुकाने हिंडून जेवढे पैसे वाचतील त्याहून पायपीट अधिक होत असेल, तर माणूस अकराव्या दुकानी जात नाही. स्टिग्लर यांचा हा ग्राहक कापड घेण्यापुरता खरा आहे. आजारी मुलाच्या आईबापांचा शोध थांबवणारा असा कोणताही बिंदू नसतो. पुढचा डॉक्टर कदाचित ओळखेल, या एका ‘कदाचित’वर ते पंधरावा दरवाजाही वाजवतात. या कोंडीत बुद्धिमत्ता कामी येत नाही की शिक्षणही. उलट शिकलेले आईबाप अधिक वाचतात, अधिक शंका काढतात आणि अधिक हिंडतात.

त्यांच्या हिंडण्याला एक नेमका क्रम असतो. पहिल्यांदा घरचा डॉक्टर, जो ‘वय आहे, जाईल’ म्हणतो. मग बालरोगतज्ज्ञ, तो घसा पाहतो, पण तोवर घसा बरा झालेला असतो. मानेच्या झटक्यांसाठी मेंदूच्या डॉक्टराकडे पाठवणी होते. तेथे छायाचित्रे काढली जातात आणि ती बहुधा निर्दोष येतात. ‘सर्व काही ठीक आहे’ हे वाक्य ऐकून ज्या आईला सुटका वाटायची, तिलाच ते जिव्हारी लागते, कारण घरी काहीही ठीक नसते. शेवटी मनोविकारतज्ज्ञ. त्याला मंत्रचळ दिसतो आणि तो त्यावर योग्य तेच औषध देतो. परंतु आजार कोणत्या तारखेला आणि कशानंतर सुरू झाला, हा प्रश्न त्याच्या शास्त्रात तितकासा मध्यवर्ती नसतो. प्रत्येकाने आपापल्या अवयवापुरते खरेच सांगितलेले असते. सगळे मूल मात्र एकाच्याही टेबलावर येत नाही. या सर्वांचे कागद एकत्र ठेवण्याचे, तारखा जुळवण्याचे आणि एकाचे म्हणणे दुसऱ्याच्या कानावर घालण्याचे काम अखेर एका प्लॅस्टिकच्या पिशवीत सर्व अहवाल भरून फिरणाऱ्या आईला करावे लागते. जे काम रुग्णालयाने करायचे, ते ती बिनपगारी रजा टाकून करते.

अमेरिकेतील पालक या अवस्थेतून गेले आणि त्यांनी संघटित होऊन आवाज उठवला. मेन राज्यातील एका वकील आईने आपल्या मुलाच्या आजाराची कहाणी २००९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली आणि ज्या घरांना आपण एकटेच आहोत असे वाटत होते, त्यांना शेजार मिळाला. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड येथे अशा मुलांसाठी अनेक शाखांचे तज्ज्ञ एकत्र बसतील असे खास चिकित्सालय निघाले. २०१७ मध्ये इलिनॉय राज्याने कायदाच केला की, या विकारावरील उपचारांचा, इम्युनोग्लोब्युलिनसारख्या महागड्या उपचारांसकट, खर्च विमा कंपन्यांनी उचलला पाहिजे. त्या वाटेने नंतर आणखी काही राज्ये गेली.

या कायद्याचे मूल्यमापन भावनेच्या भरात करू नये. औषध गुणकारी आहे की नाही, हा प्रश्न विधिमंडळात हात वर करून सुटत नाही. आदल्याच वर्षीचा प्रयोग संदिग्ध निघाला असताना त्याच औषधाचा खर्च सक्तीने विम्यावर टाकणे म्हणजे पुराव्याच्या आधी पैशाचा निर्णय करणे होय, आणि वाढलेला हप्ता शेवटी इतर विमाधारकांच्या खिशातून जातो. हे सर्व मान्य केले तरी इलिनॉयच्या आमदारांनी एक गोष्ट अचूक हेरली होती. वैद्यकाला अजून निर्णय करता आलेला नाही, हा काही त्या मुलाच्या आईबापांचा दोष नव्हे. मग त्या अनिर्णयाचा सारा भार त्यांच्यावरच का? शास्त्राच्या अज्ञानाची किंमत समाजाने वाटून घ्यायची की ज्याच्या घरी ती आपत्ती कोसळली त्यानेच ती एकट्याने भरायची, हा निर्णय डॉक्टरांचा नव्हे. तो राजकीय निर्णय आहे, आणि तो न घेणे म्हणजे दुसऱ्या बाजूने तो घेणेच असते.

जेथे शास्त्र ‘ठाऊक नाही’ म्हणते, तेथे बाजार ‘ठाऊक आहे’ असे म्हणत पुढे येतो, हा या गोष्टीतला सर्वांत घातक भाग. पांडास-पॅन्सचे निदान करण्यास मदत होते असे सांगून अमेरिकेत रक्तचाचण्यांचा एक संच विक्रीस आला. स्वीडनमधील संशोधकांनी २०१७ मध्ये तो तपासून पाहिला, तेव्हा ठणठणीत माणसांपैकीही पुष्कळांचे निकाल त्यात दोषयुक्त निघाले. पालक असा संच का विकत घेतात हे समजणे कठीण नाही. महिनोन्‌महिने ‘सर्व काही ठीक आहे’ ऐकलेल्या माणसाला कोणीतरी छापील कागदावर ‘काहीतरी बिघडले आहे’ असे लिहून दिले, तर त्यासाठी तो दागिनेही गहाण ठेवील. खात्री हीच जेथे दुर्मिळ वस्तू आहे, तेथे नकली खात्रीला गिऱ्हाईक मिळणारच.

हा सारा अमेरिकेचा प्रपंच झाला. त्याच्याशी महाराष्ट्रातील शिक्षकाला वा कारकुनाला काय करायचे आहे, असे कोणी म्हणेल. भारतातील वैद्यकीय नियतकालिकांतूनही अशा मुलांची वर्णने आलेली आहेत, हे त्याचे एक उत्तर. परंतु त्याहून महत्त्वाचे दुसरे आहे. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशांतून ऱ्हुमॅटिक ताप जवळजवळ नाहीसा झाला. आपल्याकडे तो अजून आहे. दाटीवाटीची घरे, एका खोलीत झोपणारी पाच माणसे, दुखऱ्या घशाकडे होणारे दुर्लक्ष, यांवर तो पोसतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २००० साली ‘जय विज्ञान’ मोहिमेखाली त्याच्या रुग्णांची नोंद ठेवण्याचा प्रकल्प हाती घेतला तो यामुळेच. ज्याला इंग्रजी पुस्तके वाचून आपण पांडास समजू, तो येथे सिडनहॅमचा कोरिया असू शकतो, आणि कोरियाच्या पाठीमागे हृदयाच्या झडपांचा विकार दबा धरून बसलेला असू शकतो. १९४४ मध्ये डॉ. डकेट जोन्स यांनी ऱ्हुमॅटिक तापाच्या निदानासाठी जे निकष घालून दिले, त्यांत कोरिया हे प्रमुख लक्षणांपैकी एक आहे. आणि इतर कोणतेही लक्षण नसताना केवळ कोरियावरूनही हे निदान होऊ शकते. अशा मुलाला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे द्यावे लागते. ते दिले नाही, तर पुन्हा घसा दुखेल तेव्हा झडपेला अधिक इजा होते आणि ती पुढे शस्त्रक्रियेवर जाऊन थांबते.

म्हणजे अमेरिकेतील आईला भीती असते ती डॉक्टर या आजाराला नुसता मनोविकार ठरवून मोकळे होतील याची. येथील आईला ती भीती आहेच, शिवाय दुसरीही आहे: नव्या नावाच्या नादात जुना, ओळखीचा आणि इलाज असलेला आजार निसटून जाण्याची. अडचणीत भर म्हणजे, स्ट्रेप्टोकॉकसचा संसर्ग झाला होता काय हे सांगणारी ‘एएसओ’ ही रक्तचाचणी आपल्याकडे फार जपून वाचावी लागते. ज्या वस्तीत मुलांना हा संसर्ग वारंवार होतो, तेथे निरोगी मुलाच्या रक्तातही तिचा आकडा चढा असतो. आणि कोरिया दिसू लागेपर्यंत कित्येकदा तो उतरूनही गेलेला असतो. आकडा वाढला म्हणून महिनोन्‌महिने प्रतिजैविके देत राहणे हा त्यावरचा उपाय नव्हे. नुसत्या संशयावर वाटलेल्या गोळ्यांनी जंतू निगरगट्ट होतात आणि त्याची झळ ज्यांचा या आजाराशी काही संबंध नाही अशा शेजाऱ्यांच्या मुलांना पोहोचते. ज्या महाराष्ट्रात १९५४ साली, युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटना यांच्या साहाय्याने, पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना पेनिसिलिनसाठी उभा राहिला, त्या महाराष्ट्रात हे औषध गरजू मुलाला वेळेवर मिळावे आणि नको त्याला मिळू नये, ही अपेक्षा अवाजवी नाही.

आता खर्चाकडे वळावे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून केला. २०१३-१४ मध्ये हाच आकडा ६४.२ टक्के होता, तेव्हा सुधारणा झाली हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ही सरासरी आहे, आणि निदान शोधणाऱ्या घराला सरासरी लागू पडत नाही. आयुष्मान भारत असो, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असो किंवा बहुतेक खाजगी विमे असोत, त्यांचा हात सैल होतो तो रुग्ण खाटेवर पडल्यानंतर. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोविकारांनाही शारीरिक आजारांप्रमाणेच विम्याचे संरक्षण द्यावे असे बंधन घातले आहे. तेही प्रत्यक्षात खाटेपुरतेच उरते. आणि पांडासची शंका असलेल्या मुलाचा तर सगळा शोध बाह्यरुग्ण विभागात चालतो. तपासणीची फी, रक्तचाचण्या, छायाचित्रे, नाशिकहून वा लातूरहून मुंबई-पुण्याच्या खेपा, नातेवाइकाकडे वा लॉजवर मुक्काम, मुलाची बुडलेली शाळा: यांपैकी एकाही रकमेची पावती कोणतीही योजना स्वीकारीत नाही.

उपचारांपर्यंत कोणी पोहोचलाच, तर हिशेब असा. अमेरिकेतील प्रयोगांत इम्युनोग्लोब्युलिन शरीराच्या वजनाच्या दर किलोला एकूण दोन ग्रॅम दिले गेले. तीस किलोच्या मुलाला साठ ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या बारा बाटल्या. हे औषध कारखान्यात मिश्रणे ढवळून होत नाही. हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून ते वेगळे काढावे लागते, आणि म्हणून एकेका बाटलीची किंमत हजारांत असते. एका वेळचा खर्च लाखाच्या घरात जातो. तोही अशा औषधावर, ज्याच्या गुणाविषयी तज्ज्ञांचे एकमत नाही. कारकुनाच्या भविष्यनिर्वाह निधीतून घराच्या दुरुस्तीसाठी वा मुलीच्या लग्नासाठी काढायची रक्कम याच्यावर लावावी काय, हे त्याला कोणी सांगू शकत नाही. रजेचे तेच. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना मुलांच्या संगोपनासाठी सबंध नोकरीत ७३० दिवसांची रजा मिळते. विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षिकेची नैमित्तिक रजा जूनमध्ये सुरू होऊन गणपतीपर्यंत संपलेली असते. मग घरातल्या दोघांपैकी एकाची नोकरी सुटते. कोणाची, हे सांगायला नको.

घराबाहेरची माणसे काय म्हणतात याची किंमत रुपयांत मांडता येत नाही, पण ती भरावी लागते. ‘लाडावून ठेवले आहे’, ‘आई नोकरी करते ना’, ‘बाहेरचे काही आहे का पाहून घ्या’. मूल एका रात्रीत बदलले, हे वर्णनच असे आहे की ते ऐकून आजीला अंगारा आठवावा. जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१३ मध्ये झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणाऱ्याला तो शिक्षा देतो, आणि ते आवश्यकच होते. मात्र दवाखान्यातून कोणतेच उत्तर न मिळालेल्या माणसाला मांत्रिकाच्या दारी जाण्यापासून कायदा अडवू शकत नाही. मांत्रिकाजवळ ज्ञान नसते, पण ऐकून घ्यायला वेळ असतो, आणि तो सबंध घराला एकत्र बसवून ऐकतो. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एका मुलाच्या वाट्याला मिनिटे येतात ती बोटांवर मोजण्याइतकी.

यावर नवे रुग्णालय बांधा, नवे पद निर्माण करा, असा ठराविक उपाय सुचवण्यात अर्थ नाही. देशात लाख लोकसंख्येमागे एकही मनोविकारतज्ज्ञ नाही; जी संख्या सांगितली जाते ती ०.७५ आहे. मुलांच्या मनोविकारांत विशेष शिक्षण घेतलेले तर त्याहूनही थोडे. मागणी करायची ती जे आहे त्याची मांडणी बदलण्याची. वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेल्या अनेक सरकारी रुग्णालयांत बालरोग, मनोविकार आणि हृदयरोग हे विभाग एकाच आवारात असतात. महिन्यातून एका दुपारी त्या तिघांचा एकेक डॉक्टर एका टेबलाशी बसावा आणि ‘एकाएकी बदललेले मूल’ एवढ्या एकाच निकषावर जिल्ह्यांतून पाठवलेली मुले त्यांनी मिळून पाहावीत. घशाचा नमुना, हृदयाची ध्वनिलहरींची तपासणी, हालचालींचे बारकाईने निरीक्षण आणि आईशी अर्धा तास बोलणे, एवढीच सामग्री लागते, आणि ती तेथे आहे. अशा मुलांपैकी बहुतेकांना पांडास नसेलच. कोणाला कोरिया असेल, कोणाला नुसत्या टिक्स, कोणाला साधा पण तीव्र मंत्रचळ, कोणावर शाळेत वा घरी काही भयंकर गुदरलेले असेल. या प्रत्येकाला वेगळा उपाय आहे. टेबल एक असण्याचा फायदा असा की, ‘तुमचे येथे काम नाही’ हे वाक्य तेथे कोणाला उच्चारता येणार नाही. मंत्रचळावर औषधे आहेत, वर्तनोपचार आहेत, आणि कारण जंतू असो वा नसो त्यांचा उपयोग होतो. कारणाचा वाद मिटेपर्यंत ते उपचार रोखून धरण्याचे काही कारण नाही, ही गोष्टही पालकांना एकाच तोंडून ऐकायला मिळेल.

मुलांना त्या टेबलापर्यंत पोहोचवणारी यंत्रणाही कागदावर आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची तपासणी फिरती पथके करतात. ऱ्हुमॅटिक हृदयविकार त्यांच्या तपासणीच्या यादीत आहे. या यादीला एका प्रश्नाची जोड द्यावी: गेल्या वर्षभरात कोणते मूल थोड्या दिवसांत एकाएकी बदलले? याचे उत्तर पथकातील डॉक्टर देऊ शकणार नाही, तो वर्षातून एकदा येतो. वर्गशिक्षक देईल. अक्षर अचानक बिघडणे हे या विकाराचे तज्ज्ञांनी नोंदवलेले एक लक्षण आहे, आणि ते डॉक्टरांच्या आधी दिसते ते शिक्षकाला. शुद्धलेखनाच्या वहीत पानागणिक तारीख असते. दहा तारखेपर्यंत ओळी सरळ आहेत, सतराव्या तारखेपासून त्या समासाबाहेर धावू लागल्या आहेत, अक्षरे पुन्हा पुन्हा गिरवून कागद फाटला आहे, हे त्या वहीत कोणालाही दिसेल. आई आठवणीवर सांगते आणि आठवणीवर डॉक्टर शंका घेतो. वहीवर शंका घेता येत नाही. म्हणून अशा मुलाला ‘गचाळ’ असा लाल शेरा देण्याऐवजी ती वही जपून ठेवावी आणि पालकांच्या हवाली करावी.

आणि त्या टेबलावर एक नोंदवही असावी. आजार कोणत्या तारखेला सुरू झाला, घशाच्या नमुन्याचे काय झाले, हृदय कसे निघाले, सहा महिन्यांनी मूल कसे आहे, एवढे चार रकाने तीत पुरेत. ऱ्हुमॅटिक तापासाठी अशी नोंद ठेवण्याचा अनुभव वैद्यक संशोधन परिषदेच्या गाठीशी आहेच. राज्यातील डझनभर रुग्णालयांनी पाच वर्षे असे रकाने भरले, तर आपल्या मुलांमध्ये हा विकार किती आणि कोरिया किती, याचा हिशेब अमेरिकेतील पन्नास मुलांवरून करण्याची पाळी येणार नाही. आणि विमा कंपनीने वा सरकारने कोणत्या उपचाराचा खर्च उचलायचा, यावर विधिमंडळात बोलायला उभा राहणाऱ्या आमदाराच्या हातात निदान एक कागद तरी असेल.